झोआ मिटलेत, उघडत नाहीत: कारण शोधायचं कसं

झोआ, म्हणजे झोअँथिड, हे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळले जाणारे कोरलांचे मऊ भाऊबंद; बटणासारख्या अनेक पॉलिपांची मिळून त्यांची एक कॉलनी होते. त्यांचा नवीन फ्रॅग, म्हणजे प्लग नावाच्या छोट्या बैठकीवर चिकटवलेला तुकडा, टँकमध्ये ठेवला की पहिले एक-दोन दिवस तो मिटलेला असतो, मग हळूहळू उघडतो, आठवडाभर छान फुलतो. आणि मग एका कडेचे दोन पॉलिप मिटतात ते मिटतातच. शेजारचे त्यांच्या मागोमाग जातात, देठ आक्रसतात, आणि शेवटी प्लगवर पांढुरका, लिबलिबीत थर तेवढा उरतो. नावाचे, महागाचे झोआ पाळणाऱ्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. ती पुन्हा पुन्हा येते, कारण पहिल्या वेळी खरं कारण सापडलेलंच नसतं. मिटलेले पॉलिप दिसले की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. आयोडीनचा डिप, म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं, मग पाणी बदल, मग फ्रॅगची जागा बदल, मग दिवा कमी, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. त्यातून झोआ वाचला तरी कशामुळे वाचला ते कळत नाही, आणि गेला तर बऱ्याचदा उपचारांनीच गेलेला असतो.

किती पॉलिप मिटलेत, कुठले मिटलेत आणि दिवसाच्या कुठल्या वेळी मिटतात, एवढं नीट पाहिलं तर निम्मं निदान टेस्ट किटचं झाकण न उघडता होतं. बाकीचं निम्मं रात्री टॉर्च घेऊन.

मिटणं म्हणजे मरणं नव्हे

मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी फिरलात तर खडकांवर हिरवट-तपकिरी, गच्च मिटलेल्या पॉलिपांच्या चटया दिसतात. हे आपल्या टँकमधल्या झोआंचेच भाऊबंद. ओहोटीच्या वेळी ते उन्हात, पाण्याबाहेर तसेच बसून राहतात आणि भरतीचं पाणी अंगावर आलं की पुन्हा उघडतात. म्हणजे मिटणं ही त्यांची रोजची संरक्षणाची सवय आहे. प्रवास, नवीन पाणी, वेगळा दिवा, अंगावरून गेलेला शंख, कुठल्याही कारणाने ते मिटतील आणि काही बिघडणार नाही.

म्हणून नव्या फ्रॅगला, एकदा टँकमध्ये ठेवला की, मी आठवडाभर हात लावत नाही. मात्र या काळात देठाकडे लक्ष हवं. पॉलिप मिटलेला आहे पण देठ भरलेला आणि टणक आहे, रंग कायम आहे, तर वाट पाहायची. देठ सुरकुतला, बुडाशी पांढरट पडला, त्यावर बुळबुळीत थर धरला, तर वाट पाहायची नाही. आणि देठ कितीही ठणठणीत असला तरी मिटलेल्या अवस्थेत अनंत काळ निघत नाही, कारण झोआचं बहुतेक अन्न त्याच्या पेशींत राहणारं एकपेशीय शेवाळ प्रकाशात तयार करतं. पॉलिपच्या माथ्यावरची तबकडी उघडलीच नाही तर ते उत्पन्न आटतं. दहा-बारा दिवस एकही पॉलिप उघडला नाही तर कारण शोधायला लागा.

पहिला प्रश्न: एकच कॉलनी की सगळ्या?

इथे बहुतेक जण घाई करतात. टँकभर जेवढे झोआ आहेत तेवढे सगळे, वेगवेगळ्या जागी असूनही, एकदम मिटले असतील तर दोष पाण्यात आहे. एकच कॉलनी मिटली आणि हातभर अंतरावरची दुसरी मजेत आहे, तर पाण्याचे आकडे तपासत बसण्यात अर्थ नाही. त्या कॉलनीवर काहीतरी बसलंय, काहीतरी तिला खातंय, किंवा ती जागा तिला मानवत नाही. एकाच कॉलनीच्या एकाच कडेचे पॉलिप मिटले असतील तर कीड किंवा शेजारी, हे दोनच संशयित मी धरतो.

तिसरी एक शक्यता: सगळे झोआ मिटलेत, पण फक्त दुपारनंतर, आणि सकाळी पुन्हा उघडलेले असतात. हे आपल्याकडे उन्हाळ्यात हटकून दिसतं. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असेल तर उत्तम, २७ पर्यंत चालतं. एप्रिल-मेमध्ये चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेला टँक दुपारी सहज ३० च्या वर जातो. चिलर परवडत नाही म्हणून सम्पवर (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीवर) पंखा लावला तर पुण्यासारख्या कोरड्या हवेत पाणी चांगलं थंड होतं, पण ते बाष्पीभवनाने थंड होतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि संध्याकाळपर्यंत खारटपणा चढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारा ऑटो टॉप-ऑफ नसेल तर झोआंना रोज उन्हाळा आणि रोज वाढतं मीठ, असे दोन्ही धक्के बसतात. मुंबईच्या दमट हवेत तर पंख्याचा उपयोगच थोडा. म्हणून तापमान एकदाच मोजून भागत नाही. सकाळी सातला आणि दुपारी चारला, असं दोनदा मोजा.

सगळे मिटले असतील तर

सुरुवात खारटपणापासून. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारी ३५ भाग. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर तो ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणाने तपासून घ्या. नुसत्या आरओ पाण्याने शून्यावर आणलेला मीटर वरच्या टोकाला चुकीचा आकडा दाखवू शकतो. काही जण मीठ विकत न घेता समुद्राचं पाणी भरून आणतात. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो. त्या महिन्यांत ते पाणी न आणलेलंच बरं.

मग अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवण्याची पाण्याची ताकद. ती ८ ते ९ डीकेएच (तिचं मोजमाप) ठेवा. ७ असली तरी झोआ कुरकुरत नाहीत, पण एका रात्रीत ७ वरून १० वर नेली तर मिटतील. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत तितके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. झोआंना चुन्याचा सांगाडा नसतो, त्यामुळे हे दोन आकडे थोडे इकडे-तिकडे झाले म्हणून ते मिटत नाहीत. यांच्यापायी झोप घालवू नका.

आता आपल्या घरांतलं एक खास कारण, ज्याकडे लक्ष जात नाही. टॉप-ऑफसाठी स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरणारे पुष्कळ आहेत. ते पाणी माणसासाठी केलेलं असतं. त्यात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळली जातात. टीडीएस मीटर लावून पाहा, शून्य हवं तिथे ५० ते १५० दिसेल. त्याहून वाईट म्हणजे हल्ली काही प्युरिफायरमध्ये तांब्याची कार्ट्रिज असते आणि ती पाण्यात मुद्दाम तांबं सोडते. तांबं माणसाला गुणाचं असेल, बिनकण्याच्या समुद्री प्राण्यांना ते विष आहे, आणि बाष्पीभवनाच्या बदल्यात रोज ते पाणी घातलं की टँकमध्ये साचत जातं. अशा प्युरिफायरचं पाणी टँकमध्ये एक थेंबही घालू नका. टँकसाठी वेगळं आरओडीआय युनिट, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढणारं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य. याला पर्याय मला माहीत नाही.

शंख आणि कोळंबीही एकाच वेळी मलूल दिसत असतील तर विषाचा संशय आणखी पक्का होतो. त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन चालतं का, झुरळांचा फवारा मारला होता का, रंगकाम झालं का, फिनाइलच्या हाताने कुणी टँक पुसला का, हे घरातल्या सगळ्यांना विचारा. एअरपंप आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवाच ओढून पाण्यात घुसळतात. मग पॉवरहेडचं, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, आणि काच घासायच्या चुंबकाचं आवरण फुटून आतलं लोखंड गंजलंय का तेही बघा. असं काही आढळलं तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पाणी बदला. एकदम निम्मं पाणी बदललं की झोआंना नवा धक्का बसतो.

फार स्वच्छ पाणी

सगळे आकडे आदर्श आहेत, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पाणी काचेसारखं, आणि झोआ मात्र दर महिन्याला लहान होत चाललेत. रंग फिकट, तबकडी आकसलेली, नवे पॉलिप फुटतच नाहीत. अशा टँकवर मेहनत कमी घेतलेली नसते. उलट फार घेतलेली असते. मोठा स्किमर, फॉस्फेट शोषणारा मीडिया, बॅक्टेरियाची बाटली आणि टँकमध्ये मासे दोनच, तेही अर्धपोटी.

झोआ हे उथळ पाण्यातले, अनेक ठिकाणी गढूळ, पोषक पाण्यात वाढणारे प्राणी आहेत. त्यांच्या पेशींतल्या शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. नायट्रेट ५ ते २० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान ठेवलेल्या टँकमध्ये ते सर्वांत खुशीत दिसतात. दोन्ही शून्यावर गेले की दुसरं संकटही दार ठोठावतं: डायनोफ्लॅजेलेट. वाळूवर आणि खडकावर तपकिरी, तारा सुटलेला, बुडबुडे धरलेला चिकटा येतो; रात्री कमी होतो, दिवसा परत दाटतो. हा चिकटा झोआंच्या देठांत शिरला की पॉलिप मिटतात. लोक त्याला घाण समजतात आणि पाणी आणखी स्वच्छ करायला जातात. रोग इथूनच वाढतो.

उपाय सावकाश करायचा. फॉस्फेटचा मीडिया काढा. स्किमर रोज काही तास बंद ठेवा. माशांना पोटभर खायला घाला. एखादा मासा वाढवता येत असेल तर वाढवा. दर चार-पाच दिवसांनी मोजा. नायट्रेट दिसू लागल्यावर झोआ लगेच उघडतील असं नाही, पण तीन-चार आठवड्यांत देठाच्या बुडाशी नव्या पॉलिपचे कोंब दिसायला हवेत. मला त्या कोंबांवर टेस्ट किटपेक्षा जास्त विश्वास आहे.

झोआंना वेगळं भरवावं का? पॅली, म्हणजे जाड देठाचे, मोठ्या तबकडीचे, ज्यांच्या अंगात वाळूचे कण रुतलेले असतात ते, मायसिस किंवा बारीक कोळंबी सरळ गिळतात. खरे झोआ बहुतेक वेळा मोठा तुकडा घेतच नाहीत. त्यांच्यावर रोज पावडर ओतली तर ती देठांत कुजते. मासे नीट जेवत असतील तर झोआंचं भागतं.

एकच कॉलनी मिटली असेल तर: रात्रीची टॉर्च

दिवे बंद झाल्यावर दीड-दोन तासांनी टॉर्चवर लाल कागद किंवा लाल फिल्टर लावून त्या कॉलनीकडे पाहा. घाई नको. पाच मिनिटं एका जागी स्थिर बघत राहिलात तर हालचाल दिसू लागते.

झोआ खाणारे न्यूडिब्रँक हे सगळ्यांत फसवे. बिनशंखाची छोटी गोगलगाय, पाठीवर झालर, आणि ती झालर हुबेहूब झोआच्या झालरीसारखी. ज्या झोआवर जगतात त्याचं शेवाळ आणि रंग त्यांच्या अंगात उतरतो, त्यामुळे हिरव्या कॉलनीवरचा हिरवा आणि नारिंगी कॉलनीवरचा नारिंगी. डोळ्यांना न्यूडिब्रँक सापडला नाही तरी अंडी सापडतात: देठांच्या बुडाशी किंवा प्लगच्या खालच्या अंगाला पांढुरकी, गुंडाळी केलेली बारीक फीत. फ्रॅग घेताना प्लग उलटा करून पाहायचा तो यासाठी.

झोआ स्पायडर, म्हणजे समुद्री कोळी, त्याहून लहान. तपकिरी किंवा मळकट पांढरे, काडीसारखे पाय, आणि पॉलिपांच्या मधल्या फटीत दडलेले. सनडायल गोगलगायीचा शंख चपटा, गोल जिन्यासारखा वळलेला, त्यावर तपकिरी-पांढरी चौकड. ती दिवसा खडकाच्या खाली असते. दिसायला देखणी असली तरी काढून टाका. अ‍ॅस्टेरिना या छोट्या तारामाशांबद्दल लोक टोकाची मतं मांडतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, काही झोआ खातात. तुमच्या टँकमधले कुठले, हे रात्रीच ठरतं: मिटलेल्या पॉलिपवर तारामासा बसलेला आणि तो सरकल्यावर खाली जखम दिसली, तर तुमचे खाणारे आहेत.

व्हर्मेटिड गोगलगायी खात नाहीत, छळतात. खडकातून बाहेर आलेली कडक नळी, तिच्या तोंडातून सुटलेले चिकट धागे, आणि ते धागे झोआंवर पडले की त्या बाजूचे पॉलिप उघडत नाहीत. नळी चिमट्याने मोडा आणि तोंड रीफ ग्लूने (कोरल चिकटवायच्या गोंदाने) बुजवा. देठांत हिरवं केसाळ शेवाळ माजलं असेल तरी हाच परिणाम. आणि ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडे) मेलेल्या पॉलिपवर जमलेले दिसतात म्हणून त्यांना खुनी ठरवू नका. ते मागाहून येऊन साफसफाई करतात.

शेजारीही बघा. मशरूम कोरलची कडा टेकतेय का, गॅलक्सियासारख्या एखाद्या कोरलचे लांब तंतू रात्री तिथवर पोचतात का, आयप्टेशिया हा उपद्रवी, डंख मारणारा अ‍ॅनिमोनी उगवलाय का. बटू एंजलफिश झोआ टोचतात की नाही हे प्रत्येक माशागणिक बदलतं. दिवसा लांबून, टँकपासून दूर उभं राहून पाहिल्याशिवाय चोर सापडत नाही, कारण तुम्ही जवळ गेलात की मासा खायला मिळेल म्हणून काचेशी येतो.

हात घालण्याआधी

डिप, कापाकापी, खडक घासणं यांतलं काहीही करण्याआधी हा भाग वाचाच. पॅलीथोआ वंशाच्या (वरचे पॅली ते हेच) काही कोरलांत पॅलीटॉक्सिन असतं, आणि निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. हवाईच्या माउई बेटावर हाना भागातल्या एका पॅलीथोआतून ते वेगळं काढण्यात आलं आणि रिचर्ड मूर व पॉल शॉयर यांनी १९७१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा जो पंप असतो त्याचं हे विष उघडं छिद्र करून टाकतं. बारीक झोआंमध्ये ते सहसा फारच कमी असतं किंवा नसतं, पण बाजारातल्या नावावरून झोआ कुठला आणि पॅली कुठला हे खात्रीने ठरत नाही. म्हणून सगळ्यांना सारखीच काळजी.

ही पुस्तकी भीती नाही. अलास्कातल्या अँकरेजमध्ये २०१२ ते २०१४ या काळात अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात आणि घरांत झोअँथिड हाताळल्यावर, श्वासावाटे विषबाधा झाल्याच्या संशयित घटना सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने नोंदवल्या. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँकमधून कोरल काढल्यावर एक अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

खडक उकळायचा नाही. उकळल्याने विष नष्ट होत नाही, वाफेबरोबर नाकात जातं. गरम पाणी ओतून, वाफेच्या मशीनने, प्रेशर वॉशरने किंवा सुकलेला खडक खरवडून साफ करायचा नाही. कापताना नायट्रिलचे हातमोजे आणि बंद चष्मा. पॉलिप कापला की पिचकारी उडते आणि ती नेमकी डोळ्यांच्या दिशेने उडते. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम नको. खिडक्या उघड्या, लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर. वापरलेलं पाणी, कापलेले तुकडे, ब्लेड, सगळं ब्लीचच्या द्रावणात, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, किमान अर्धा तास बुडवून मगच टाकायचं. तोंडात धातूची चव, खोकला, धाप, थंडी-ताप, स्नायूंत दुखणं किंवा डोळ्यांत जळजळ यांपैकी काही जाणवलं तर लगेच खोलीबाहेर मोकळ्या हवेत या आणि रुग्णालय गाठा. तिथे 'पॅलीटॉक्सिन' हा शब्द स्वतःहून सांगा, कारण आपल्याकडे डॉक्टरांच्या डोक्यात तो चटकन येणार नाही. यावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच होतात, म्हणून वेळ महत्त्वाची.

डिप कसा, किती वेळा

टँकमधल्या कॉलनीला कीड सापडली किंवा पक्का संशय असेल तरच कीड मारायचा डिप; नवा फ्रॅग घरी आल्यावरचा डिप वेगळा. टँकचंच पाणी एका भांड्यात घ्या, त्यात कोरल डिप बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि ड्रॉपरने पॉलिपांच्या मधोमध पाण्याचे झोत मारत राहा. खाली काय पडतं ते पांढऱ्या भांड्यात स्पष्ट दिसतं. मग टँकच्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात खळबळून मगच परत टँकमध्ये. डिपचं पाणी टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही.

अंडी डिपने मरत नाहीत, आणि हेच पुन्हा पुन्हा कीड होण्याचं मूळ. एक डिप केला, दोन न्यूडिब्रँक पडले, झोआ उघडले, आणि दोन आठवड्यांत पुन्हा मिटले, कारण अंड्यांतून नवी पिढी निघाली. दर पाच-सात दिवसांनी, असे तीन-चार डिप करा. प्रत्येक वेळी भिंग लावून अंडी जुन्या टूथब्रशने किंवा चिमट्याने काढा. जमलं तर झोआ जुन्या प्लगवरून सोडवून नव्या प्लगवर चिकटवा आणि जुना प्लग ब्लीचमध्ये टाका. समुद्री कोळी डिपने नुसते गुंगतात, मरतीलच असं नाही. त्यांना चिमट्यानेच उचलावं लागतं. देठांतल्या केसाळ शेवाळासाठी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग आणि टँकचं पाणी नऊ-दहा भाग, पाच मिनिटं. झोआ हे बरंच सहन करतात.

पॉलिपच्या देठावर किंवा तोंडाभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या-पिवळ्या पुटकुळ्या दिसल्या तर त्याला छंदातले लोक झोआ पॉक्स म्हणतात. त्यावर कीटकांचा डिप चालत नाही. फ्युरान-२ या माशांच्या प्रतिजैविकाचा टँकबाहेर, वेगळ्या भांड्यात, सलग काही दिवस डिप देतात. ते मुख्य टँकमध्ये घालू नका.

उजेड आणि प्रवाह

देठ लांब ताणून पॉलिप वर आलेत म्हणजे उजेड कमी. तबकडी खडकाला चिकटून बसलीय, लहान झालीय, रंग उडालाय म्हणजे जास्त. पार मीटर (झोआंना उपयोगी पडणारा उजेड मोजणारा) मिळाला तर ७५ ते १५० च्या दरम्यान सुरुवात करा. नवीन फ्रॅग आधी खाली, मग दोन-तीन आठवड्यांत वर. प्रवाह मध्यम हवा, म्हणजे झालर हलकेच डोलावी आणि देठांत कचरा साचू नये. एका वेळी एकच बदल करा आणि त्यानंतर आठवडा थांबा.

दोष विकत घेताना घरात येतो

वर लिहिलेल्या तक्रारींपैकी निम्म्या दुकानात किंवा पार्सलमध्येच सुरू झालेल्या असतात. रास्ता, मॅजिशियन, अटर केऑस, फ्रूट लूप्स, पर्पल पीपल ईटर ही नावं अमेरिकेतल्या छंदातून आली. ती शास्त्रीय नावं नाहीत, त्यांची कुठे नोंदणी होत नाही. एकच झोआ दोन विक्रेत्यांकडे दोन नावांनी मिळतो आणि एकाच नावाखाली दोन वेगळे झोआ विकले जातात. किंमत पॉलिपमागे ठरते आणि नावावर चढते. माझा आग्रह असा की नाव बाजूला ठेवून पैसे त्या फ्रॅगच्या तब्येतीचे द्यावेत.

फोटो निळ्या दिव्याखालचा असतो. त्यात प्रत्येक झोआ पेटल्यासारखा दिसतो. त्याच फ्रॅगचा पांढऱ्या दिव्यातला फोटो आणि छोटा व्हिडिओ मागा. न देणाऱ्याकडून घेऊ नका. फ्रॅग कधी कापला ते विचारा. काल कापून आज चिकटवलेला फ्रॅग जखम घेऊनच प्रवास करतो आणि वाटेत वितळतो. ज्याचं बूड प्लगवर पसरलंय आणि कडेला कोंब फुटलेत तो घ्या, दोन पॉलिप कमी असले तरी. समुद्रातून थेट आलेली कॉलनी आणि टँकमध्ये वाढवलेला फ्रॅग यांत टँकमधलाच, कारण त्याला दिव्याची आणि टँकच्या पाण्याची सवय झालेली असते. नवख्यांनी ईगल आय किंवा बॅम बॅमसारख्या स्वस्त, चिवट झोआंवर सहा महिने काढावेत. ते फुटून पसरत असतील तर महागाचे आणायला टँक तयार आहे.

किनाऱ्यावरच्या खडकावरून झोआ खरवडून आणायचा विचार कुणी करू नये. खडक बांधणारे सगळे कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि किनाऱ्यावरचा खडक फोडताना त्यावर काय काय जगतंय हे आपल्याला ओळखता येत नाही. तिथे आढळणाऱ्या झोअँथिडांत पॅलीथोआही असतात, हे विषाच्या दृष्टीने वेगळं सांगायला नको.

पार्सल घरी आल्यावर पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा. लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी उघडून तासभर ड्रिप करत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया कमी घातक रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. खारटपणात मोठा फरक नसेल तर लवकर बाहेर काढा, डिप करा, आणि त्या पिशवीचं पाणी फेकून द्या. जागा असेल तर वीस-तीस लिटरचा वेगळा टँक, छोटा दिवा, छोटा हीटर आणि एक पंप, एवढ्यात विलगीकरण होतं. चार ते सहा आठवडे तिथे काढलेला फ्रॅग मुख्य टँकमध्ये सहसा काही घेऊन येत नाही.

कॉलनी वितळायला लागलीच असेल तर

वितळणाऱ्या भागाची शेजारच्या पॉलिपांनाही लागण होते, त्यामुळे इथे मात्र थांबायचं नाही. वरची सगळी काळजी घेऊन पांढुरका थर पिपेटने किंवा पातळ नळीने टँकबाहेर ओढून घ्या, टँकमध्ये उधळू देऊ नका. मग धारदार ब्लेडने टणक देठाचे पॉलिप बुडासकट, एक-दोन पॉलिप आतल्या बाजूने जास्तीचे घेऊन, वेगळे कापा. आयोडीनचा थोडा वेळ डिप, मग टिपकागदाने बूड टिपून नव्या कोरड्या प्लगवर रीफ ग्लूच्या जेलने चिकटवा. कमी उजेड, हलका प्रवाह, आणि कार्बन ताजा. तीन पॉलिप उरले तरी पुरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत नव्या प्लगवरून पॉलिप सुटून पडले तर ते लहान, जाळीदार झाकणाच्या डबीत बारीक खडीवर ठेवा. तिथे ते स्वतःहून खडा धरतात, आणि मग खड्यासकट चिकटवता येतात.